जुन्या पिकअपची केबिन: आधी पत्रा, मग वायर, मग सीट, शोभा शेवटी



आजचा पाठ पिकाचा नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आठ-दहा-बारा वर्षं चाललेली पिकअप आहे. कुणाची बोलेरो, कुणाची टाटा एस, कुणाची दोस्त, एखाद्याची जुनी ४०७. बरीचशी सेकंडहँड घेतलेली. इंजिनाचं ऑइल आपण वेळेवर बदलतो, टायर बघतो, हौद्याला फळ्या मारतो. पण ड्रायव्हर जिथे रात्रभर बसतो त्या केबिनकडे लक्ष जातं ते दसऱ्याला गाडी धुताना. आणि लक्ष गेलं की पहिली खरेदी होते चकचकीत सीट कव्हरची आणि म्युझिकची.

मृग लागायला अजून थोडे दिवस आहेत. टोमॅटोची गर्दी सुरू झाली की गाडीला एक दिवसाची सुट्टी मिळणार नाही. म्हणून हा मेसेज आत्ता. मोठा आहे, सेव्ह करून ठेवा आणि सावकाश वाचा.

*आपल्याच गाडीची गोष्ट*

कंपनीची पहिली पिकअप आपण सेकंडहँड घेतली. इंजिन चांगलं होतं, केबिन मात्र कळकट. पूजेच्या आधी आपण हौसेने खर्च केला. लाल-काळं रेक्झिन कव्हर, खाली जाड फुलाफुलांचं मॅटिंग, चार स्पीकरचं म्युझिक, छताला निळी एलईडी पट्टी. गाडी नव्यासारखी दिसायला लागली. सगळ्यांनी फोटो काढले.

श्रावणात टोमॅटोचे क्रेट भरून गाडी वाशीला निघाली. माळशेज घाटात धुकं आणि पाऊस. ड्रायव्हर दादांना आधी जळका वास आला, मग डॅशबोर्डखालून धूर, आणि पुढच्याच वळणावर दोन्ही हेडलाइट गेले. दादांनी अंदाजाने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि डॅशच्या खणातला १० नंबरचा पाना काढून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलं. धूर थांबला. माणूस वाचला, गाडी वाचली. माल मात्र पहाटेच्या बाजाराला पोचला नाही. दुपारी मिळेल त्या भावात द्यावा लागला, आणि तो माल अकरा सभासदांचा होता.

दुसऱ्या दिवशी मॅटिंग उचललं तेव्हा सगळं कळलं. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी आत येत होतं. मॅटिंगखाली टाकलेल्या गोणपाटाने ते धरून ठेवलं होतं. पत्रा दोन ठिकाणी सडला होता. म्युझिकची वायर हेडलाइटच्या वायरला नुसता पीळ देऊन जोडली होती, मध्ये फ्यूज नाही, आणि ती त्याच ओल्या गोणपाटातून नेली होती.

म्हणजे दोष आधीपासूनच होता. आपण पैसे खर्च करून त्याच्यावर सुंदर मॅटिंग अंथरलं होतं.

यातून एकच धडा घ्यायचा. *केबिनचं काम खालून वर करायचं. आधी पाणी थांबवा, मग पत्रा, मग वायरिंग, मग सीट आणि बेल्ट, मग काच आणि हवा. शोभा सगळ्यात शेवटी.* हा क्रम उलटा केला तर दुसऱ्यांदा सगळं उचकटावं लागतं. आता एकेक पायरी बघू.

*पायरी १: पाणी कुठून येतं ते शोधा*

यासाठी मेकॅनिक लागत नाही. दोन माणसं, पाण्याचा पाइप आणि जुनी वर्तमानपत्रं पुरतात.

सगळं मॅटिंग काढा. खालचा पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर वर्तमानपत्र अंथरा. एकाने दारं-काचा लावून बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. पाण्याचा जोर नको, पावसासारखी धार हवी. सुरुवात खालून करा. आधी दारं, मग पुढच्या काचेची खालची कड, मग वरची कड, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं द्या. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. कागद जिथे आधी भिजतो त्याच्या वर गळती शोधा.

बहुतेक वेळा पाणी या पाच जागांतून येतं:
१) पुढच्या काचेचं रबर. वर्षानुवर्षं उन्हात राहून ते कडक होतं, कोपऱ्यात फाटतं.
२) दाराचं बीडिंग. दाबून बघा, सोडल्यावर परत फुगलं नाही तर ते मेलं.
३) दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं. माती बसून बुजतात, पाणी दारात साठून आत येतं. तारेने मोकळी करा.
४) वायपरच्या खालची जाळी. पालापाचोळा अडकला की पाणी बाहेर न जाता ब्लोअरच्या वाटेने केबिनमध्ये उतरतं.
५) वायर, केबल आत येतात तिथली रबरं. कुणीतरी नवीन वायर ओढताना रबर काढून फेकलेलं असतं.

हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान वाचवतं. रबर सुकलं असेल तर वरून सिलिकॉन फासून वेळ मारून नेऊ नका, रबर बदला.

पाचवी जागा आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. जिथून पाणी येतं तिथून इंजिनाचा धूरही येतो. टाटा एस, दोस्त अशा गाड्यांत इंजिन सीटच्या खाली आहे. त्यांच्या इंजिनाच्या झाकणाचं रबर शाबूत असलंच पाहिजे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद काचांच्या केबिनमध्ये ड्रायव्हरचं डोकं जड होतं, मळमळतं, झापड येते, आणि आपण म्हणतो झोप झाली नसेल. सायलेन्सरचा जोड फुटका असेल, आवाज बदलला असेल, तर केबिनवर एक रुपया खर्च करायच्या आधी तो दुरुस्त करा. गाडी चालू ठेवून, काचा लावून कुणीही केबिनमध्ये झोपायचं नाही.

*पायरी २: पत्रा*

पत्रा कोरडा झाला की स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडका बद वाजतो. बद वाजला तिथे टोकाने दाबा. टोक आत गेलं तर तो पत्रा संपला. ड्रायव्हरच्या टाचेखाली, सीटच्या पायांजवळ आणि दाराच्या उंबऱ्याला नीट बघा.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासा. गंजावर रंग मारला तर गंज रंगाखाली वाढत राहतो. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा, रात्रभर उघडा ठेवला तर पुन्हा तांबूस होतो. रेड ऑक्साइड चालेल, इपॉक्सी प्रायमर जास्त टिकेल. वर रंगाचे दोन हात, आणि जोडांवर सीलर.

भोक पडलं असेल तर सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, मूळ जाडीचा नवीन तुकडा वेल्डिंगने बसवून घ्या. *सीट आणि सीट बेल्टचे बोल्ट जिथे आहेत तिथे एम-सील, फायबर, डांबर असली मलमपट्टी चालणार नाही.* ब्रेक लागला की ड्रायव्हरचं सगळं वजन त्याच चार बोल्टवर येतं.

वेल्डिंगच्या आधी चार गोष्टी करून घ्या. बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, आधी निगेटिव्ह. सीट, फोम, मॅटिंग बाहेर काढा. पत्र्याच्या खालून डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप किंवा वायर जाते का ते वाकून बघा. पाण्याची बादली आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. गाडी सीएनजीवर असेल तर साध्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, सीएनजीचं काम जाणणाऱ्या वर्कशॉपमध्येच न्या.

मॅटिंगबद्दल दोन गोष्टी. गोणपाट, जुनी सतरंजी, थर्माकोल खाली घालू नका. पहिले दोन पाणी धरतात, तिसरा पेटतो. आणि मॅट सरकता कामा नये. ती पुढे सरकून ॲक्सिलरेटरवर चढली तर पेडल अडकतं. मॅट टाकल्यावर तिन्ही पेडल पूर्ण दाबून बघा. कुठेही घासलं तर तेवढं कापा. शेतकऱ्याच्या गाडीला फुलाफुलांच्या कापडी मॅटपेक्षा धुता येणारी जाड रबरी मॅट बरी. चिखलाच्या पायाने चढलं तरी पाणी मारून साफ होते.

*पायरी ३: वायरिंग*

आपल्या पिकअप १२ व्होल्टच्या असतात. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून आपण त्याला घाबरत नाही. पण आग लागते ती व्होल्टमुळे नाही, वायरला झेपणार नाही इतका करंट गेल्यामुळे. हिशोब सोपा आहे:

*वॅट भागिले १२ = अँपिअर*

- केबिनचा पंखा २४ वॅट: २ अँपिअर
- मोबाइल चार्जर ३६ वॅट: ३ अँपिअर
- हौद्यावरचा एलईडी लाइट ३६ वॅट: ३ अँपिअर
- ५५ वॅटचे दोन फॉग लाइट मिळून ११० वॅट: ९ अँपिअरच्या वर

फ्यूज घ्यायचा तो लोडपेक्षा थोडा मोठा, पण वायरच्या ताकदीपेक्षा लहान. पंखा किंवा चार्जरला ५ चा. दोन फॉग लाइटला १५ चा, सोबत रिले, आणि वायर २.५ स्क्वेअर एमएमची. म्युझिकच्या सेटवर जो आकडा दिला आहे तोच. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा. तो जळला तर वायर वाचते. तो मोठा टाकला तर वायर फ्यूजचं काम करते, म्हणजे वायरच जळते.

पात्याच्या फ्यूजचे रंग पाठ करा. ५ बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज उडाला तर त्याच रंगाचा टाका. तोही उडाला तर दोष वायरीत आहे, तो शोधा. चांदीचा कागद, तार, खिळा लावणारा माणूस तुमचा मित्र नाही.

वायरमनकडे गाडी दिली की हे आठ मुद्दे स्वतः बघा:
१) नवीन प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र फ्यूज, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला.
२) हेडलाइट, ब्रेक लाइट, वायपर आणि हॉर्नच्या वायरीतून कशालाही जोड द्यायचा नाही.
३) पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड नको. टेप उन्हाने सुटतो. क्रिम्प केलेला किंवा सोल्डर करून स्लीव्ह चढवलेला जोड हवा.
४) पत्र्याच्या भोकातून वायर गेली की तिथे रबर हवंच. नाहीतर गाडीच्या हादऱ्याने पत्रा वायर सोलतो.
५) वायर मॅटखालून नको. दाराच्या कडेने, डॅशच्या मागून, फ्लेक्झिबल पाइपात घालून आणि क्लिप मारून न्या.
६) वायर पेडल, स्टेअरिंग रॉड आणि इंजिनाच्या झाकणापासून लांब हवी.
७) अर्थ घासलेल्या पत्र्यावर घट्ट हवा. रंगावर मारलेला अर्थ गरम होतो. लाइट लुकलुकतात ते बऱ्याचदा यामुळेच.
८) पंखा, म्युझिक, पट्टी चावी काढली की बंद झाली पाहिजेत. २ अँपिअरचा पंखा रात्रभर दहा तास चालू राहिला तर २० अँपिअर-तास गेले. ६० ची बॅटरी असेल तर तिचा तिसरा हिस्सा. जुनी बॅटरी सकाळी स्टार्ट घेणार नाही.

बाजारात थांबल्यावर लॅपटॉप किंवा वजनकाट्यासाठी काही जण सिगारेट लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावतात. ३०० वॅटचा इन्व्हर्टर २५ अँपिअर ओढतो. त्या सॉकेटची वायर एवढ्यासाठी नसते. मोबाइल चार्जरपलीकडे तिथे काही लावू नका.

*पायरी ४: सीट आणि बेल्ट*

ड्रायव्हर दादांच्या कंबरेचं दुखणं बऱ्याचदा दवाखान्यात नाही, कुशनवाल्याकडे बरं होतं. जुन्या सीटचा फोम मध्ये बसतो आणि कडा उंच राहतात. माणूस खड्ड्यात बसल्यासारखा बसतो, पाठ वाकते, आणि नजर स्टेअरिंगच्या वरून जेमतेम जाते. अशा सीटवर नवीन कव्हर चढवलं तर खड्डा झाकला जातो, भरत नाही.

कुशनवाल्याला नुसतं 'फोम टाका' म्हणू नका. डेन्सिटी विचारा. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. बसायच्या भागाला खाली दाबून बनवलेला कडक रीबॉन्डेड फोम आणि वर ४० डेन्सिटीचा थर असं करून घ्या. हलका फोम दुकानात मऊ लागतो, पण दोन हंगामात चपटा होतो. फोम काढला की खालच्या स्प्रिंग आणि पट्ट्या तपासा. तुटलेल्या पट्टीवर चांगला फोम घालणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं.

कव्हरसाठी रेक्झिन धुवायला सोपं, पण उन्हाळ्यात पाठ भिजते. बसायचा आणि टेकायचा मधला भाग जाड सुती किंवा जाळीदार कापडाचा आणि कडा रेक्झिनच्या, हा मेळ चांगला चालतो.

सीट परत बसवल्यावर ड्रायव्हरला बसवून चार गोष्टी बघा. पाठ टेकलेली असताना क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. हात पुढे केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. मांड्यांना आधार हवा. डोकं छताला लागता कामा नये. सीट जो चालवतो त्याच्या मापाची हवी, मालकाच्या नाही. म्हणून कुशनवाल्याकडे जाताना ड्रायव्हरला सोबत न्या. हे साधं आहे, पण बहुतेक जण विसरतात.

सीटचे बोल्ट हरवले तर हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट लावू नका. डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा कोरलेला, मूळ मापाचाच बोल्ट घ्या.

आता बेल्ट. बऱ्याच जुन्या गाड्यांत बेल्ट सीटच्या मागे कोंबलेला असतो किंवा नवीन कव्हरखाली दबलेला असतो. तो बाहेर काढा, पूर्ण ओढा. पट्टी कुठे उसवली, कुरतडली, कडक झाली का ते बघा. हळू ओढला तर सुटायला हवा, झटक्यात ओढला तर अडकायला हवा. कुलूप एका दाबात लागायला आणि सुटायला हवं. पट्टी मळली असेल तर साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच, रंग, शिलाई काही करू नका. फाटलेला बेल्ट शिवायचा नसतो, बदलायचा असतो. गाडीला मोठा अपघात झालेला असेल तर बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदला. बेल्ट न लावल्याचा दंड १,००० रुपये आहे, पण खरा हिशोब दंडाचा नाही.

*पायरी ५: काच, हवा आणि उष्णता*

रात्री घाटात धुकं असताना ड्रायव्हरला दिसतं किती, यावर सगळं अवलंबून आहे. पावसात काच आतून धूसर होते कारण आतली हवा दमट असते. फडक्याने पुसून उपयोग होत नाही. ब्लोअर काचेवर सोडा, बाहेरची हवा आत येईल असा खटका ठेवा, दोन्ही बाजूच्या काचा बोटभर उघड्या ठेवा. आणि पायरी १ ची गळती थांबवलेली असेल तर निम्मा दमटपणा तिथेच गेला. ब्लोअर चालत नसेल तर म्युझिकच्या आधी तो दुरुस्त करा.

काचेला काळी फिल्म लावू नका. नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मबद्दल कडक आदेश दिला आहे. उन्हासाठी फिल्मऐवजी गाडी उभी असताना काचेला आतून चांदीचा पडदा लावा, निघताना काढा.

केबिन तापते ती छतामुळे आणि इंजिनामुळे. छताचं अस्तर काढून पत्र्याला चिकटणारी बंद छिद्रांची फोम शीट लावली तर उन्हाची झळ आणि पत्र्याचा आवाज दोन्ही कमी होतात. छत पांढरं रंगवलं तर आणखी फरक पडतो. सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची केली आहे. आपल्या छोट्या पिकअप त्यात येत नाहीत. पण ड्रायव्हरला उष्णतेने थकवा येतो ही गोष्ट आता कायद्यानेही मान्य केली आहे. जुन्या छोट्या इंजिनाला बाहेरून एसी जोडण्यापेक्षा अस्तर, पंखा आणि चालू ब्लोअर एवढं केलं तर बराच फरक पडतो. पंखा जाळीचा घ्या आणि नजरेच्या आड येणार नाही असा कोपऱ्यात बसवा.

*पायरी ६: आता सोयी आणि शोभा*

इथवर आलात तर म्युझिक लावा, खुशाल लावा. रात्री ड्रायव्हरला सोबत लागते. फक्त आवाज इतका नको की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणार नाही.

छताच्या निळ्या-लाल पट्ट्या चालत्या गाडीत बंद ठेवा. त्यांचा प्रकाश आतून पुढच्या काचेवर पडतो आणि अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात. पावती वाचायला एक पांढरा छोटा दिवा पुरे, दार उघडलं की लागणारा.

डॅशबोर्डवर देव असावा, पण छोटा, चिकटवलेला आणि नजरेच्या रेषेखाली. आरशाला लोंबणाऱ्या माळा, झुंबरं, बाहुल्या वळणावर नेमका समोरचा माणूस झाकतात.

स्टेअरिंगचं कव्हर सैल असेल तर हात घसरतो. शिवून बसवलेलं घ्या, नाहीतर घेऊच नका.

सीटच्या मागे छोटी पेटी किंवा कप्पे असलेली कापडी पिशवी करून घ्या. पाने, जॅकचा दांडा, दोरी, पाण्याची बाटली सगळं तिथे. ड्रायव्हरच्या पायाशी काहीही सुटं नको. उतारावर गडगडत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर ब्रेक लागत नाही.

आणि एक गोष्ट केबिनमध्ये कधीच ठेवायची नाही: *कीटकनाशकाची बाटली.* कृषी केंद्रातून औषध घेतलं की ते पायाशी ठेवायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. बंद केबिनमध्ये उन्हाने झाकण सैल होतं, वाफ श्वासात जाते, सांडलं तर फोममध्ये मुरतं आणि महिनोन्‌महिने निघत नाही. त्याच सीटवर उद्या तुमचं लेकरू बसणार असतं. औषध हौद्यात, झाकणाच्या वेगळ्या पेटीत, भाजीपाला आणि चाऱ्यापासून लांब.

अग्निशामक सिलिंडर सीटखाली गुंडाळून ठेवू नका. ड्रायव्हरला बसल्या जागी हात पोचेल तिथे पट्टीने बसवा. ड्राय पावडर, एबीसी प्रकारचा घ्या. काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा.

*कायद्याचं थोडक्यात*

फोम, कव्हर, मॅट, रबर बदलणं ही दुरुस्ती आहे. पण सीटची संख्या वाढवणं, केबिन कापून मोठी करणं, इंधनाचा प्रकार बदलणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद असल्याशिवाय करू नका. बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यावर विमा कंपनी त्याच बदलावर बोट ठेवून दावा अडवू शकते. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. जुन्या गाडीवाल्यांनी केबिनचं काम पासिंगच्या आधी उरकलं तर एका खर्चात दोन कामं होतात.

*धूर निघाला तर*

हे ड्रायव्हर दादांनी पाठ करा. गाडी कडेला घ्या. इंजिन बंद, चावी काढा. सीएनजी असेल तर व्हॉल्व्ह बंद. सोबतच्या माणसाला उतरवून लांब पाठवा. नुसता वास किंवा थोडा धूर असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. जाळ दिसला तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. फटीतून सिलिंडर जाळाच्या मुळाशी मारा. आटोक्यात आलं नाही तर गाडी सोडा आणि ११२ ला फोन करा. माल आणि गाडी पुन्हा मिळते. १० नंबरचा पाना गाडीत आहे का, आज रात्रीच बघून घ्या.

*घरचा अभ्यास*

येत्या सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हर आणि मालक दोघांनी मिळून ही सहा उत्तरं लिहून काढा:
१) मॅट उचलल्यावर पत्रा कोरडा होता की ओला?
२) फ्यूजचा डबा कुठे आहे, आणि त्यात एकही तार किंवा चांदीचा कागद आहे का?
३) म्युझिक आणि पंख्याला स्वतंत्र फ्यूज आहे का?
४) ड्रायव्हरचा बेल्ट झटक्यात अडकतो का?
५) ब्लोअर पुढच्या काचेवर हवा सोडतो का?
६) सायलेन्सरचा जोड फुटका आहे का?

यातलं एकही उत्तर वाईट आलं तर नवीन कव्हरचे पैसे तिथे वळवा. काम देताना दोन ठिकाणी लेखी अंदाज घ्या आणि कामाचे फोटो मॅट टाकायच्या *आधी* काढून घ्या. झाकल्यावर सगळंच काम चांगलं दिसतं.

कंपनीच्या पिकअपचं काम आपण शेवटी याच क्रमाने पुन्हा केलं. सीट आता साध्या कापडाची आहे, मॅट काळी रबरी आहे, निळी पट्टी काढून टाकली. गाडीचे फोटो आता कुणी काढत नाही. पण ड्रायव्हर दादा म्हणतात, वाशीहून परत आल्यावर आता कंबर धरून उतरावं लागत नाही. आम्हाला तेवढं पुरे.

हा मेसेज तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरला जरूर पाठवा. वाचायला अडचण असेल तर त्यांच्यासोबत बसून वाचून दाखवा. शंका असेल तर क्रेट भरायला संकलन केंद्रावर याल तेव्हा विचारा, गाडीचं मॅटिंग उचलून सोबतच बघू.

सुरक्षित जा, वेळेत पोचा.

आपली,
वाहतूक समिती